पुरुषांच्या जननेंद्रियांचं जुनं दुखणं : लक्ष, मन आणि वेदना (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ही माहिती नक्की कोणत्या दुखण्याबद्दल आहे?

शिश्न, त्याचं टोक, अंडकोष, अंडकोष आणि गुदद्वार यांच्यामधली जागा, जांघ किंवा ओटीपोट. यांपैकी कुठेही तीन महिन्यांहून जास्त काळ टिकलेलं किंवा येत-जात राहिलेलं, आणि तपासण्यांमधून ज्याचा पुरता उलगडा झालेला नाही असं दुखणं. डॉक्टरांच्या कागदावर त्याला बहुतेक वेळा 'क्रॉनिक प्रोस्टेटायटिस' किंवा 'क्रॉनिक पेल्विक पेन सिंड्रोम' असं लिहिलेलं असतं. पहिलं नाव जरा फसवं आहे. त्यातून प्रोस्टेटला, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीला, सूज आहे असा अर्थ निघतो, पण पुष्कळ जणांच्या प्रोस्टेटमध्ये काहीच सापडत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९५ मध्ये प्रोस्टेटायटिसचे चार प्रकार ठरवले. पहिले दोन जंतूंमुळे होणारे, तिसरा जंतू न सापडणारा आणि चौथा अजिबात न दुखणारा. लक्षणं घेऊन येणाऱ्या दहा पुरुषांपैकी साधारण नऊ या तिसऱ्या प्रकारात मोडतात. नसबंदीनंतर किंवा हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर रेंगाळणारं अंडकोषाचं दुखणं आणि पुडेंडल नसेचं (जननेंद्रियं आणि गुदद्वाराजवळच्या भागाला संवेदना देणाऱ्या नसेचं) दुखणं वेगळ्या कारणांनी सुरू होतं. तरी लक्ष आणि मन यांच्याबद्दल पुढे जे लिहिलं आहे ते त्यांनाही बरंचसं लागू पडतं.

मनाचा विचार करण्याआधी काय तपासून घ्यायचं?

काही लक्षणांत वाट बघायची नसते. अंडकोषात अचानक जीवघेणी कळ, सोबत मळमळ किंवा एक अंडकोष वर ओढल्यासारखा वाटणं : अंडकोषाला पीळ पडलेला असू शकतो आणि तो साधारण सहा तासांच्या आत सोडवला तरच अंडकोष वाचण्याची खात्री राहते. थंडी वाजून ताप आणि लघवीला जळजळ, लघवी अडणं, अंडकोषाची कातडी काळी पडून झपाट्याने सुजणं, ही सगळी त्याच दिवशी रुग्णालयात जाण्याची कारणं आहेत. मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बैठकीच्या भागात बधिरपणा येऊन पायांतली ताकद किंवा शौचावरचा ताबा गेला, तर मणक्याची तातडीची तपासणी लागते. अंडकोषात कडक गाठ लागली किंवा लघवीतून रक्त गेलं, तर त्या आठवड्यात दाखवावं.

एरवी सुरुवातीला लघवीची साधी तपासणी आणि कल्चर (म्हणजे तीत जंतू वाढतात का हे बघणं), डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी, गरज असेल तर लैंगिक संसर्गाच्या चाचण्या आणि अंडकोष दुखत असेल तर सोनोग्राफी एवढं सहसा पुरतं. जांघेतला हर्निया आणि मूतखडाही डोक्यात ठेवावा लागतो. अंडकोष गर्भावस्थेत मूत्रपिंडाजवळ तयार होतो आणि नंतर खाली उतरतो. येताना तो आपल्या नसा वरूनच घेऊन येतो, म्हणून वर अडकलेल्या खड्याची कळ खाली अंडकोषात उमटते.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. म्हणजे दुखणं मनाचं आहे का?

नाही. रिपोर्ट नॉर्मल येण्याचा अर्थ एवढाच, की त्या चाचण्या जे शोधतात ते तिथे नाही. वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना २०२० च्या सुधारित व्याख्येत वेदनेला संवेदना आणि भावना या दोन्हींचा अनुभव म्हणते, आणि त्यासाठी प्रत्यक्ष इजा झालेलीच असली पाहिजे असं ती मानत नाही. याच संघटनेने २०१७ मध्ये 'नोसिप्लास्टिक' हा वेदनेचा तिसरा गट मान्य केला. यात ना ऊतींची इजा दिसते, ना नसेची, पण वेदनेचे संदेश हाताळणारी यंत्रणाच बदललेली असते.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मज्जारज्जूतल्या पेशींचं नेमकं तसंच होतं. एखादा संसर्ग, स्नायूची ओढ, शस्त्रक्रिया किंवा बराच काळ राहिलेला ताण यांमुळे वेदनेचे संदेश सतत येत राहिले, की त्या पेशी हलक्या संदेशालाही जोरात उत्तर देऊ लागतात. मग अंतर्वस्त्राचा स्पर्श टोचतो, मूत्राशय अर्धं भरलं तरी दाब वाटतो आणि दुखणं मूळ जागेवरून आजूबाजूला पसरतं. हा बदल शरीरातलाच आहे, फक्त सोनोग्राफीत दिसणारा नाही.

कामात गुंतलो की दुखणं जाणवत नाही. मग ते खरं कसं?

हा प्रश्न रुग्ण स्वतःला विचारतात तेव्हा त्यात अपराधीपणा असतो, आणि घरचे विचारतात तेव्हा टोमणा. दोन्ही अनाठायी आहेत.

दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या आन्झियो इथे हेन्री बीचर या डॉक्टरांनी गंभीर जखमी सैनिकांना वेदनाशामक हवं का म्हणून विचारलं. सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी नको म्हटलं. त्यांच्या जखमा खोट्या नव्हत्या. जखम आणि वेदना यांच्यामध्ये मेंदूचा निर्णय असतो, इतकाच त्याचा अर्थ.

हा निर्णय अंमलात कसा येतो? १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं, की मज्जारज्जूच्या मागच्या भागात एक फाटक असल्यासारखी रचना आहे आणि मेंदूतून खाली येणारे संदेश ते उघडू किंवा मिटू शकतात. त्या सिद्धांतातले बारकावे पुढे बदलले, पण गाभा टिकला. २०१२ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी हातावर वेदनादायक उष्णता देताना लोकांना स्मरणशक्तीचं अवघड काम दिलं आणि त्याच वेळी मानेतल्या मज्जारज्जूची चित्रं घेतली. काम अवघड असताना वेदना कमी जाणवली आणि मज्जारज्जूतली हालचालही कमी झाली. शरीरातल्या अफूसदृश रसायनांना अडवणारं नॅलोक्सोन टोचल्यावर हा आराम बराच घटला. म्हणजे मन गुंतलं तेव्हा शरीराने स्वतःचं वेदनाशामक सोडलं होतं. 'लक्षच गेलं नाही' यापेक्षा ही गोष्ट बरीच खोल आहे.

त्यामुळे गुंतल्यावर दुखणं कमी होतं हे डॉक्टरांपासून लपवू नका. उलट सांगा. तुमची खाली येणारी वेदनाशामक वाट शाबूत आहे, ही उपचार ठरवताना उपयोगी पडणारी माहिती आहे.

मी दुखणं विसरायचा जिवापाड प्रयत्न करतो, तरी ते वाढतंच. का?

कारण विसरण्याचा प्रयत्न आणि लक्ष वळवणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. विसरलो का हे बघायला मनाला दर थोड्या वेळाने तिथेच जाऊन डोकावावं लागतं. 'पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका' असं सांगितल्यावर अस्वलच डोक्यात येत राहतं, हे डॅनियल वेगनर यांच्या १९८७ च्या प्रयोगाने दाखवलं. वेदनेबाबत १९९३ मध्ये असाच एक प्रयोग झाला. बर्फाच्या पाण्यात हात ठेवलेल्यांपैकी काहींना वेदनेचा विचार दाबायला सांगितलं, काहींना दुसऱ्या गोष्टीचा विचार करायला आणि काहींना हातातल्या संवेदनांकडे नीट लक्ष द्यायला. हात बाहेर काढल्यावर दुखणं सगळ्यात सावकाश कमी झालं ते दाबणाऱ्यांचं, आणि सगळ्यात लवकर संवेदना निरखणाऱ्यांचं.

सोपी कसोटी अशी : तुम्ही कशापासून तरी पळताय, की कशाकडे तरी जाताय? पहिल्यात दुखण्यावर पहारा चालूच राहतो.

लक्ष वळवण्यासाठी काय केलेलं चांगलं?

चार गोष्टी बघा. काम डोक्यात माहिती धरून ठेवायला लावणारं हवं. ते तुमच्या कुवतीच्या किंचित वर असावं. फार सोपं असेल तर मन भटकतं, फार अवघड असेल तर चिडचिड होते आणि वेदना वर येते. त्यात तुम्हाला खरोखर रस हवा, कारण ज्याचं आपल्याला काही पडलेलं नाही असं काम वेदनेपुढे टिकत नाही. आणि चौथी गोष्ट या दुखण्यासाठी खास महत्त्वाची : ते बराच वेळ एका जागी बसून करायचं नसावं.

या कसोट्यांवर मोबाइलवर बोट फिरवत राहणं सपशेल नापास होतं. डोक्यावर भार नाही, शेवट नाही, आणि मधूनच त्याच दुखण्याबद्दलचा मजकूर समोर येतो. दूरचित्रवाणीही तशीच, अगदी आवडता सामना असेल तर गोष्ट वेगळी. उजवी ठरतात ती अशी कामं : नवी भाषा मोठ्याने बोलून शिकणं, वाद्याचा नवा तुकडा बसवणं, उभं राहून लाकडाचं किंवा दुरुस्तीचं काम, कोणाबरोबर चालत गप्पा, बुद्धिबळाचा डाव, नोंदी घेत एखादं व्याख्यान ऐकणं. हाताशी काहीच नसेल, समजा रांगेत उभे आहात, तर ३०० मधून सात-सात वजा करत या, किंवा एका अक्षराने सुरू होणारे वीस प्राणी आठवा. पाच मिनिटं निघतात.

मात्रा वीस ते चाळीस मिनिटांची ठेवा. आणि दुखणं शिगेला पोहोचण्याआधी सुरू करा. दहापैकी तीन-चारवर असताना मन वळतं, आठवर गेल्यावर फारसं वळत नाही. लोक बहुतेक वेळा आठची वाट बघतात आणि मग हा उपाय काही कामाचा नाही असं ठरवतात.

खेळात किंवा कामात रमलो, छान वाटलं, पण दुसऱ्या दिवशी दुप्पट दुखलं. असं का?

कारण लक्ष वळलं होतं, पण शरीर तेच सोसत होतं. तीन तास खुर्चीत बसून गेम खेळलात तर अंडकोषामागच्या जागेवर तीन तास दाब होता, पोट आखडलेलं होतं, लघवीची हाक दोनदा टाळली होती आणि श्वास वर-वर चालला होता. तो सगळा हिशेब नंतर चुकता होतो. लांब सायकल चालवण्याचंही तेच. उपाय रुक्ष आहे पण चालतो : २५ मिनिटांचा गजर लावायचा, वाजला की उठायचं, दोन मिनिटं चालायचं, पोट सैल सोडायचं. दुखो अथवा न दुखो. दुखल्यावर उठायचं ठरवलंत तर पुन्हा पहारा सुरू.

हे औषधाइतकं काम करतं का?

प्रामाणिक उत्तर : थोड्या वेळाच्या वेदनेत लक्ष वळवण्याचा परिणाम स्पष्ट आहे. भाजलेल्या रुग्णांची पट्टी बदलताना आभासी दुनियेचे चष्मे वापरतात ते त्यामुळेच. महिनोन्‌महिने चालणाऱ्या दुखण्यात मात्र पुरावा संमिश्र आहे, आणि काम थांबलं की परिणामही ओसरतो. म्हणून याला उपचार न समजता आधार समजा. तपासणीची किंवा वीर्यस्खलनानंतरची अर्धी घटका पार पाडायला, झोप लागेपर्यंतचा वेळ काढायला, व्यायाम सुरू करताना हे उत्तम. दुखणं मुळातून खाली आणायचं काम पुढच्या गोष्टी करतात.

टोकाचे विचार आणि वेदना यांचा काय संबंध?

या आजारातल्या मानसिक कारणांपैकी सगळ्यात जास्त पुरावा याचाच आहे. मन चिंती ते वैरी न चिंती. 'हा कॅन्सरच असणार', 'माझं लैंगिक आयुष्य संपलं', 'यातून सुटकाच नाही'. कॅनडातल्या डीन ट्रिप आणि कर्टिस निकल यांच्या गटाने अशा पुरुषांचा बरीच वर्षं अभ्यास केला. त्यात टोकाचे विचार, विशेषतः हतबलता, हा घटक वेदनेच्या तीव्रतेशी आणि खालावलेल्या जीवनमानाशी पुन्हा पुन्हा जोडलेला आढळला.

हे मोजण्यासाठी १९९५ पासून १३ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरात आहे. गुण ० ते ५२. ती तीन गोष्टी तपासते : तेच तेच मनात घोळवणं, संकट वाढवून बघणं आणि हतबलता. ३० च्या वर गुण आले तर मानसोपचारतज्ज्ञाची किंवा मानसशास्त्रज्ञाची मदत सुरुवातीपासूनच घेतलेली बरी. इतर उपचार थकल्यावर शेवटी तिकडे पाठवायची पद्धत आहे, ती उलटी आहे.

घरी करता येईल असं एक काम. वही घ्या आणि चार ओळींत लिहा : काय जाणवलं, मनात कोणतं वाक्य आलं, त्याच्या बाजूने आणि विरुद्ध काय माहीत आहे, आणि आता पुढचा अर्धा तास काय करणार. उदाहरणार्थ : टोकाशी जळजळ. 'संसर्ग परत आला.' बाजूने : जळजळ आहे. विरुद्ध : गेल्या दोन्ही कल्चरमध्ये काही नव्हतं, काल खूप बसलो होतो, ताप नाही. पुढे : गरम पाण्याने आंघोळ, मग दुरुस्तीचं अर्धवट काम. तिसऱ्या ओळीत स्वतःची खोटी समजूत घालायची नाही, फक्त माहिती लिहायची. 'सगळं ठीक होईल' हे वाक्य इथे कुचकामी, कारण त्यावर तुमचाच विश्वास नसतो.

ताण आला की नेमकं तिथेच का दुखतं?

ओटीपोटाच्या तळाशी माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत स्नायूंची झोळी असते. धोका जाणवला की खांदे जसे वर जातात, तशी ही झोळी आपोआप आवळली जाते. खांदे आवळलेले आरशात दिसतात, ही आवळलेली दिसत नाही. तासन्‌तास आवळलेल्या स्नायूत दुखऱ्या गाठी तयार होतात आणि त्यांची कळ शिश्नाच्या टोकाशी, अंडकोषात किंवा गुदद्वाराशी उमटते. पोटाच्या आणि मांडीच्या आतल्या स्नायूंतूनही अशी कळ येते. मग त्या कळेची भीती, भीतीने पुन्हा आवळणं, असं चक्र चालू राहतं.

ते सैल सोडण्याची पद्धत : पाठीवर झोपा, गुडघ्यांखाली उशी. एक हात बेंबीखाली. नाकातून चार सेकंद श्वास घ्या, हात वर आला पाहिजे, छाती नाही. श्वास आत जाताना लघवी सुरू होण्याच्या क्षणी जसं खाली सैल पडतं तसं सोडा, पण जोर करून ढकलू नका. सहा सेकंदांत श्वास सोडा. मिनिटाला सहा श्वास होतात. दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, किमान सहा आठवडे. पहिल्या आठवड्यात काहींना दुखणं जास्त जाणवतं, कारण इतके दिवस दाबलेल्या जागेकडे पहिल्यांदाच लक्ष गेलेलं असतं.

इथे एक नेहमीची चूक होते. 'ओटीपोटाचे व्यायाम' शोधणाऱ्याला केगल सापडतं, म्हणजे तेच स्नायू आवळून धरण्याचा व्यायाम. लघवी गळत असेल तर तो योग्य. आधीच आवळलेल्या स्नायूंना तो बहुतेकदा आणखी दुखवतो.

दुखण्याकडे मुद्दाम लक्ष देऊन काही फायदा होतो का?

होतो, पण कसं लक्ष देता यावर सगळं अवलंबून. घाबरून डोकावणं वेगळं आणि निवांतपणे निरखणं वेगळं. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, दहा मिनिटं. जागा कुठे सुरू होते, कुठे संपते, गरम की थंड, ठसठस की ओढ, स्थिर की हलती, एवढंच मनात नोंदवायचं. 'वाईट', 'भयंकर', 'असह्य' हे शब्द वर्ज्य. आवळलेपणा जाणवला तर त्याच्याशी झगडायचं नाही, तो आहे तसा राहू द्यायचा; गंमत अशी की सोडून द्यायची घाई सुटली की स्नायू बऱ्याचदा आपसूक सुटतो. वर सांगितलेली, बर्फाच्या पाण्यात हात ठेवून संवेदना निरखणारी माणसं याच रांगेतली. दहा मिनिटं संपली की उठायचं आणि कामाला लागायचं. ज्यांना पूर्वी लैंगिक अत्याचार सोसावा लागला आहे त्यांनी हा सराव एकट्याने न करता तज्ज्ञाच्या सोबतीने करावा.

मी दिवसातून अनेकदा हात लावून तपासतो. त्याने काय बिघडतं?

बरंच. अंडकोष दाबून बघितला की तो दुखतो, कोणाचाही दुखेल. अंडकोषामागे स्पर्शाला मऊ, गुंतवळ्यासारखी लागणारी नळी सगळ्यांनाच असते. तिला रोज दहा वेळा चिमटीत धरलं तर ती हुळहुळी होते आणि 'गाठ' वाटू लागते. शिश्नाचं तोंड दाबून स्राव येतो का बघणं तर हमखास जळजळ देतं. गाठीसाठी महिन्यातून एकदा, गरम आंघोळीनंतर, दोन मिनिटं तपासणं पुरेसं आहे. बाकी तपासणं कमी करायचं तर एकदम बंद करू नका. आज किती वेळा होतं ते मोजा, दर तीन दिवसांनी एक-दोन वेळा कमी करा, आणि इच्छा झाली की पंधरा मिनिटं पुढे ढकला. त्या पंधरा मिनिटांत लक्ष वळवणारं काम हवंच.

इंटरनेटवर लक्षणं शोधणं आणि दर महिन्याला नवा डॉक्टर गाठणं हीही याच सवयीची रूपं. मिळणारा दिलासा तासाभराचा, आणि त्याची गरज वाढत जाते.

एका प्रसंगानंतर हे सुरू झालं आणि मनात अपराधीपणा आहे. तो कारण असू शकतो का?

ही कहाणी फार जणांची असते आणि फार थोडे ती बोलतात. संबंध आला, भीती वाटली, दोन दिवसांनी जळजळ सुरू झाली. चाचण्या योग्य वेळी झाल्या, काही निघालं नाही, जळजळ राहिली. अपराधीपणा मनाला त्या जागेवर खिळवून ठेवतो आणि स्नायू आवळून धरतो, तेवढं दुखणं टिकायला पुरतं. संसर्ग चाचणीत दिसू लागायला जो काळ जावा लागतो तो संपल्यावर चाचण्या एकदा नीट करा, निकाल लेखी घ्या आणि तिथे थांबा. संसर्गाचा पुरावा नसताना अँटिबायोटिकचे कोर्समागून कोर्स घेण्यात तोटाच जास्त : या दुखण्यात नेहमी दिल्या जाणाऱ्या फ्लुरोक्विनोलोन गटातल्या औषधांनी स्नायूबंध आणि नसांना इजा होऊ शकते.

संबंधांच्या वेळी किंवा नंतर दुखतं. टाळावं का?

पूर्ण टाळल्याने भीती पक्की होते. वीर्यस्खलनाच्या वेळी तळाचे स्नायू जोरात आकुंचन पावतात, त्यामुळे नंतर काही तास किंवा एखादा दिवस दुखणं वाढू शकतं. त्याने इजा होत नाही. काही आठवडे स्पर्शापुरतं थांबायचं, स्खलनाचं किंवा ताठरतेचं कसलंही ध्येय ठेवायचं नाही, आणि मग पायरीपायरीने पुढे जायचं ही पद्धत उपयोगी पडते. नंतर लगेच पाच मिनिटं पोटाने श्वास आणि गरम पाण्याची आंघोळ. दुखण्याच्या भीतीने ताठरता जाणं हेही नेहमीचं आहे; ते नसेच्या आजाराचं लक्षण असतंच असं नाही. सकाळी झोपेतून उठताना ताठरता येत असेल तर यंत्रणा बहुधा ठीक आहे.

जोडीदाराने काय करावं?

सारखं 'कसं वाटतंय?' विचारणं, कामं हातातून काढून घेणं, हे प्रेमाने होतं, पण या आजाराच्या पुरुषांमध्ये अशा अति काळजीने दुखण्यामुळे येणारं परावलंबन वाढलेलं आढळलं आहे. 'चल, जरा फिरून येऊ' हे जास्त कामाचं. दुखण्याबद्दल बोलायला दिवसातली दहा मिनिटं ठरवून घ्या. त्या दहा मिनिटांत मात्र पूर्ण ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही.

बसताच येत नाही. कामावर परत कसं जाऊ?

तीन दिवस मोजा, किती मिनिटांनी दुखणं वाढू लागतं. समजा २५, २० आणि ३०. सरासरी २५. त्याचे ८० टक्के म्हणजे २० मिनिटं. उद्यापासून बरं वाटत असलं तरी २० लाच उठायचं, आणि वाईट वाटत असलं तरी शक्यतो २० बसायचं. आठवड्याला दोन मिनिटं वाढवा. चांगल्या दिवशी सगळं उरकायचं आणि मग तीन दिवस आडवं व्हायचं, हा क्रम मोडणं हे यातलं खरं अवघड काम. मध्ये खाच असलेली उशी चालते, कमोडच्या आकाराचं गोल रबरी चाक नको. त्यात तळ खाली लोंबतो आणि ओढ बसते.

फिजिओथेरपी घ्यावी, की मानसोपचार?

बहुतेकांना दोन्ही. ओटीपोटाच्या स्नायूंची जाण असलेल्या फिजिओथेरपिस्टकडून दुखऱ्या गाठींवर केलेल्या उपचाराची २००९ मध्ये साध्या मालिशशी तुलना झाली. स्त्री-पुरुष मिळून ४७ रुग्ण होते. गाठींवरच्या उपचाराने ५७ टक्क्यांना लक्षणीय बरं वाटलं, मालिशने २१ टक्क्यांना. विचार आणि वर्तन यांवर काम करणारे मानसोपचार या दुखण्यासाठी आठ आठवड्यांच्या आखणीत तपासले गेले आहेत. कोणाला काय हवं हे ठरवायला डॉक्टर सहा खाती बघतात : लघवी, मानसिक भाग, प्रोस्टेट, संसर्ग, शरीरात इतरत्र दुखणं किंवा नसा, आणि स्नायूंचा दुखरेपणा. तुमच्या कोणत्या खात्यात टिकमार्क आहे हे डॉक्टरांना थेट विचारा. एकच गोळी सगळ्यांना, ही पद्धत इथे चालत नाही.

मला नैराश्याची गोळी दिली. म्हणजे डॉक्टरांना वाटतं मी वेडा आहे?

नाही. अमिट्रिप्टिलीन किंवा ड्युलॉक्सेटीन मज्जारज्जूतली तीच खाली येणारी वाट बळकट करतात, आणि वेदनेसाठी अमिट्रिप्टिलीनची मात्रा नैराश्यापेक्षा बरीच कमी असते. तोंड कोरडं पडणं, गुंगी येणं आणि लघवी सुरू व्हायला वेळ लागणं हे अमिट्रिप्टिलीनचे त्रास. लघवी अडू लागली तर लगेच कळवा. स्वतःहून अचानक बंद करू नका.

जगणं नको वाटतं असे विचार येतात.

हे डॉक्टरांना आजच सांगा, पुढच्या भेटीची वाट पाहू नका. जुन्या वेदनेत असे विचार येणं दुर्मिळ नाही आणि त्यावर उपचार आहेत. जवळच्या एका माणसाला सांगा, एकटे राहू नका, गोळ्यांचा साठा त्यांच्या हवाली करा. काही करून बसाल असं वाटत असेल तर जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा.

सुधारणा कशी मोजायची?

तासातासाला वेदनेला गुण देऊन नव्हे, तो पहाराच झाला. गेल्या आठवड्याबद्दल विचारणारी ४३ गुणांची एक ठरलेली प्रश्नावली युरॉलॉजिस्टकडे असते : वेदनेला २१, लघवीला १०, जीवनमानाला १२. ती महिन्यातून एकदा भरा. सहा गुणांची घट ही खरी सुधारणा मानतात. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं, त्यामुळे दोन दिवसांतला फरक बघून काही ठरवू नका. बऱ्याचदा आधी झोप सुधारते, मग बसण्याची मिनिटं वाढतात, आणि वेदनेचा आकडा सगळ्यात शेवटी हलतो.

बरं चाललं होतं आणि दुखणं अचानक उसळलं. काय करू?

आधी तातडीची लक्षणं वरच्या यादीवरून ताडून बघा. ती नसतील तर मागचे दोन दिवस आठवा : लांबचा प्रवास, बद्धकोष्ठ, भांडण, अपुरी झोप, जास्त बसणं. एखादं कारण बहुतेकदा सापडतं, न सापडलं तरी शोध पाच मिनिटांत संपवा. मग वीस मिनिटं गरम शेक, दहा मिनिटं श्वास, त्यानंतर आधीच ठरवून ठेवलेलं गुंतवणारं काम. ते काम, त्याचं साहित्य आणि ज्यांना फोन करायचा त्यांचं नाव एका कागदावर लिहून ठेवलेलं असावं, कारण उसळी आलेली असताना मनाला काहीही सुचत नाही. बसण्याची मिनिटं दोन-तीन दिवस निम्म्यावर आणा, शून्यावर नको. आठवडाभरात काहीच उतार पडला नाही किंवा दुखण्याची तऱ्हाच वेगळी वाटली, तर डॉक्टरांना दाखवा.